दिवस बुडायच्या आत

सांगलीच्या आमच्या कॉलेजात भर स्नेहसंमेलनात, पाहुण्यांचं वाक्य अर्धवट असताना, पहिल्या रांगेतला एक माणूस उठायचा, खिडकीतून आभाळाकडे बघायचा आणि चालू लागायचा. ते आमचे फिजिक्सचे चौगुले सर. दिवस बुडायच्या आत जेवायचं, मग पाण्याचा थेंबही नाही, हा त्यांच्या जैन घरातला नेम.

एकदा प्रिन्सिपॉल म्हणाले, "चौगुले, पाच मिनिटं तरी थांबा."

"मी थांबतो की साहेब. त्याला तेवढं सांगा," म्हणून सरांनी सूर्याकडे बोट दाखवलं.

तेव्हापासून संध्याकाळच्या सगळ्या मीटिंगा दुपारी भरू लागल्या. एका माणसाच्या भाकरीनं अख्खं कॉलेज हलवलं! मी तर थक्क.

मी उंब्रजहून आलेली, इंटर सायन्सच्या वर्गातली एकुलती एक मुलगी. दोन वेण्या घातल्या म्हणजे विज्ञान आलं, असा माझा समज. कॉलेजात सोडायला आलेल्या सुभेदार वडिलांनी सरांसमोरच बजावलं होतं, "शीक लय. पर नापास झालीस, तर म्होरल्या लगीनसराईत बोहल्यावर."

तेव्हा मुलींनी प्रोफेसरांच्या मागोमाग वर्गात शिरायचं आणि मागोमागच बाहेर पडायचं, अशी रीत होती. मी सरांच्या धोतरामागून शेळीसारखी जायची. पण प्रयोगशाळेत सर टेबलाटेबलांवरून फिरत, आणि मी उघडी पडे. पोरं आपला प्रयोग सोडून माझाच बघायची. मी घाईघाईत तारा जोडायची, मीटरचा काटा थरथरायचा, आकडा भलताच यायचा.

"सुभेदाराची लेक ना गं तू? त्यो काटा काय चावतोय व्हय?" सर म्हणायचे. शेवटी वैतागले. "पोरं गेल्यावर येत जा. संगट काकूंना आण."

काकू म्हणजे माझ्या घरमालकीण. त्या उघड्या दारात वाती वळत पहाऱ्याला बसायच्या, मी आत चुका करायची. मला वाटे, ही शिक्षाच. मनातल्या मनात सरांना यथेच्छ शिव्या द्यायची.

माझ्या अकलेचा उजेड काय सांगू! फिजिक्स शिकत होते, पण सूर्य रोज मावळतो, हे कळायला मला बरेच दिवस लागले. एके दिवशी आकडा दिसेना, म्हणून मीच म्हटलं, "सर, दिवा लावा ना." सरांनी दिवा लावला, त्यावर आलेला किडा कागदावर अलगद घेऊन बाहेर सोडला, आणि माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला.

"सर, तुमचं जेवण?"

"ऱ्हायलं आता."

"आणि काल?"

"कालचंबी."

मला रडूच फुटलं. "मी उद्यापासून येत नाही."

"मग काय, बोहल्यावर चढतीस?" सर ओरडले. दारात काकूंचे हात थांबले. मग सर काट्याकडे बघत हळूच म्हणाले, "घरी ताट हाय गं, सैपाकिणीनं झाकल्यालं. म्होरं बसणारं कोण न्हाई. दोन साल झाली बायकोला जाऊन. तू हितं चुकतीस, रडतीस, काकू खोकत्यात... जरा घरात असल्यागत वाटतं. वाच, किती आलं?"

पुढे मी पास झाले, बोहलं चांगलंच लांबलं, शिकवायलासुद्धा लागले. पण त्या संध्याकाळी डोळे पुसून आकडा वाचला, तो साफ चुकला होता.

"परत," सर म्हणाले, आणि खुर्ची ओढून निवांत बसले.