ताब्यातला सोफा

ठिणगीने त्या दिवशी फ्रिजकडे बोट दाखवलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण रागात माणसाचं बोट नेमकं नको तिथे वळतं, आणि ठिणगी तर (हे नाव घरच्यांनी लाडाने ठेवलं होतं, पुढे लाड गेला, नाव राहिलं) रागावल्याशिवाय सहसा घराबाहेर पडायचीच नाही. तिने सोफ्याकडे बोट दाखवलं.

सोफ्यावर तिचे जुने घरमालक काका मांडी घालून बसले होते आणि दारात कोर्टाचा बेलिफ जप्तीचा हुकूम घेऊन उभा होता. काकांच्या घराच्या वरच्या खोलीत ठिणगी पूर्वी भाड्याने राहायची. खोली सोडली तेव्हा त्यांनी डिपॉझिट परत दिलं नाही. तू भिंतीत खिळा ठोकलास, म्हणून मला सगळी खोली रंगवावी लागणार, असं त्यांचं म्हणणं. एका खिळ्यापायी तिने दावा लावला, तीन वर्षं कोर्टाच्या पायऱ्यांवर चपला झिजवल्या आणि जिंकली. काकांनी रक्कम व्याजासकट द्यावी, असा निकाल लागला. काकांनी कोर्टापुढे आदबीने मान डोलावली, बाहेर आले, आणि दमडी दिली नाही. ती मागायला गेली की म्हणायचे, "अगं, पैसे काय कुठे पळून चाललेत?"

जिंकण्याचं एक असतं, ते कुणाला तरी सांगावं लागतं. आईला फोन केला तर ती म्हणाली, बरं झालं, आता तरी वेळेवर जेवत जा. दादाने मोबाइलवर नुसता अंगठा पाठवला. औषधांच्या बाटल्यांची लेबलं छापणाऱ्या कारखान्यात ती बारीक मजकूर तपासायची. तिथले सगळे म्हणाले, पार्टी पाहिजे, आणि सुट्टीची घंटा होताच आपापल्या घरी गेले. शेवटी ठिणगीने आपल्या नव्या खोलीत उभं राहून ते निकालपत्र भिंतीला मोठ्याने वाचून दाखवलं. भिंतीने काही हरकत घेतली नाही.

मग तिच्या वयस्कर वकिलांनी सांगितलं की कोर्ट निकाल देतं, पैसे देत नाही. वसुलीसाठी वेगळी दरखास्त टाकायची, तिची वेगळी फी भरायची. हे आधी का नाही सांगितलं, असं तिने विचारलं, तर म्हणाले, "तू विचारलं नाहीस." वडीलधाऱ्यांचं हे बरं असतं. न विचारता सल्ले देतात ते नेमके बाकीच्या सगळ्या विषयांवर.

दरखास्तीबरोबर भरायच्या कागदावर एक रकाना होता: जप्त केलेला माल कोणाच्या ताब्यात द्यावा? यावर पुन्हा वकिलांना काय विचारायचं, म्हणून तिने स्वतःच लिहून टाकलं, 'अर्जदाराच्या.' ताबा म्हणजे ताबा. माल आपला झाला. (दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधणारं माणूस स्वतःची चूक फार सुवाच्य अक्षरात करतं.)

तर, सोफा. बेलिफ म्हणाला होता की भांडीकुंडी आणि अंथरूण-पांघरूण नेता येत नाही, बाकी काय न्यायचं ते तुम्ही दाखवा. ठिणगीने बोट दाखवलं आणि काकांना तीन वर्षांत पहिल्यांदा तिच्यासाठी उठून उभं राहावं लागलं. त्या आनंदात तिने हमालांशी घासाघीससुद्धा केली नाही.

तिघं ऐसपैस बसतील असा तो मरून रंगाचा अवाढव्य प्राणी जिन्याच्या प्रत्येक वळणावर अडत, हमालांच्या शिव्या खात तिच्या खोलीत आला. आला आणि खोली संपली. दार अर्धंच उघडायला लागलं. गॅसपाशी जायचं तर पोट आत ओढून तिरकं चालावं लागे. पण जिंकलेला माल तो जिंकलेला माल. घाम पुसत ठिणगी त्यावर बसायला वाकली, तोच बेलिफ म्हणाला, "अंहं. बसायचं नाही."

"म्हणजे?"

"ताबा तुमचा, वापर नाही. लिलाव होईपर्यंत माल जसाच्या तसा राहिला पाहिजे. डाग पडला, स्प्रिंग बसली, तर भरपाई तुमच्याकडून. सही केलीत ना ताई, वाचूनच केली असेल."

त्या रात्री ठिणगी बादली पालथी घालून तिच्यावर जेवायला बसली. समोर सोफा. एकटेपणा तिच्या खोलीत आधीही होता. आता त्याची बसायची सोय झाली, तीही तिघांची.

रविवारी दारावर टकटक झाली. त्या दारावर आजवर फक्त मीटर बघणारा टकटक करायचा, म्हणून तिने विजेचं बिल शोधतच दार उघडलं. काका आणि काकू होत्या. मालाची पाहणी करायला आलोय, असं सांगून काका अर्ध्या दारातून आत घुसले आणि सोफ्यावर बसले. शेजारी काकू बसल्या. ठिणगीने कायदा सांगितला.

"बंदी तुला आहे," काका म्हणाले. "लिलाव होईस्तोवर मालक मीच."

तिने तिथल्या तिथे वकिलांना फोन लावला. ते म्हणाले, मुद्दा तपासावा लागेल. (मुद्दा तपासायची फी वेगळी.) तोवर काकूंनी चहाचं विचारलं होतं. म्हणजे ठिणगीलाच विचारलं होतं, टाकतेस का म्हणून. खोलीत कप एकच. तो काकांना गेला, पेला काकूंना मिळाला आणि दावा जिंकलेल्या पक्षकाराने बादलीवर बसून पातेल्यातून चहा प्यायला.

दुसऱ्या दिवशी तिने सहा कप आणले. अपमान पुन्हा होऊ नये म्हणून, असं तिने स्वतःला समजावलं.

मग ते दर रविवारी येऊ लागले. काकांना काहीच पटायचं नाही. पडदा आखूड, चहा पाणचट, खिडकी चुकीच्या बाजूला. एकदा गळका नळ बघून ते पुढच्या खेपेला पान्हा घेऊन आले आणि बाह्या सरसावून तो दुरुस्त करून टाकला. ठिणगी भडकली. वर राहत होते तेव्हा वर्षभर सांगून नळाला हात लावला नाहीत, म्हणाली. काका शांतपणे म्हणाले, "तेव्हा तू भाडेकरू होतीस." त्यावर तासभर भांडण झालं. काकू मध्ये बसून दोघांना बिस्किटं देत होत्या. ते गेल्यावर खोली इतकी गप्प झाली की ठिणगीने नळ सोडून पाहिला. आता तोही आवाज करत नव्हता.

वकिलांचा फोन आला की लिलावाच्या नोटिशीचा खर्च भरून टाक, तारीख घेऊ. ती म्हणाली, या आठवड्यात काम फार आहे. पुढच्या आठवड्यात तिला सर्दी होती. ज्या मुलीने तीन वर्षं 'पुढची तारीख' हे शब्द ऐकून कारकुनांची टेबलं बडवली होती, ती आता स्वतःच पुढची तारीख मागत होती. शनिवारी मात्र सोफा न चुकता झटकत होती. माल जसाच्या तसा राहायला हवा ना.

आणि एका रविवारी कुणी आलं नाही. तीन कप मांडून ती बादलीवर बसून राहिली. चहा झाकून ठेवला, मग गरम केला, मग ओतून दिला. संध्याकाळ झाली तशी तिला संताप आला. यायचं नसेल तर तसं सांगायची काही रीत असते. तिने फोन केला आणि काकूंना करड्या आवाजात म्हणाली, "आज पाहणीला कुणी आलं नाही. हे नियमाला धरून नाही."

काकांना ताप होता. डॉक्टर येऊन गेले, काळजीचं नाही, पण जिने चढू नका म्हणाले, असं काकूंनी सांगितलं. ठिणगी बरं म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला कळलं की यापुढे कधीच कुणी येणार नाही, अशी तिने फोन करण्याआधीच पक्की खात्रीही करून घेतली होती.

पुढच्या रविवारी दोघं आले, दर मजल्यावर थांबत. काका बसले नाहीत. खिशातून पाकीट काढून त्यांनी तिच्यापुढे धरलं. मोजून घे, म्हणाले. व्याजासकट सगळी रक्कम होती. या क्षणी काय बोलायचं ते तिने तीन वर्षं घोकलं होतं. न्यायाबद्दल एक वाक्य होतं, म्हाताऱ्या माणसांच्या हेकटपणाबद्दल दोन होती. त्यातलं एकही आठवेना.

"आता सोफा नेणार?" तिने चहाचे कप हातात घेत विचारलं.

"नेऊ. पलंगावर पडून माणसांशी बोलता येत नाही," काका म्हणाले. आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "येतंय कोण म्हणा."

काकूंनी तिच्या हातातले कप काढून घेऊन खाली ठेवले. "वरची खोली रिकामीच आहे," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी वर दिवा लागत नाही. खालून बघायला कसंतरी होतं बाई."

ठिणगीकडे याला सडेतोड उत्तर होतं. आधी नाडता आणि मग बोलावता, हेही होतं. तिने ते सांगायला तोंड उघडलं, आणि तोंडातून आलं ते असं:

"हल्ली पाणी किती वाजता येतं तुमच्याकडे?"

सोमवारी तिने वकिलांना कळवलं की प्रकरण मिटलं, दरखास्त काढून घ्यायची, पैसे पूर्ण मिळाले. वकिलांनी अभिनंदन केलं आणि म्हणाले, रक्कम बँकेत टाक, घरात ठेवू नकोस.

"घरात नाहीये," ठिणगी म्हणाली. "काकांकडे आहे. डिपॉझिट म्हणून दिली."

पलीकडे पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला. मग वकील म्हणाले, "पावती?"

"काकू म्हणाल्या, घरच्यात कसली पावती."

"ठीक आहे," वकील म्हणाले. "जुना दावा टाइप केलेलाच आहे. तारीख तेवढी बदलून ठेवतो."