एका रविवारी तीन स्थळं

ज्योत्स्ना वाघमारे कुणाचंही वाक्य पूर्ण ऐकून घेत नसे. ती तोडून टाकायची असं नव्हे. तुम्ही बोलता बोलता श्वास घ्यायला थांबलात, की तिची मान दुसऱ्याकडे वळायची. तुमचे ओठ पुन्हा हलले, की परत तुमच्याकडे. आणि वाक्य जिथे सुटलं होतं तिथूनच ती ते पकडायची, हे विशेष. माझ्या ‘मला बुधवारी’ आणि ‘रजा हवीये’ यांच्यामध्ये तिने एकदा मोडेमवाल्याला फोनवर झापलं होतं, चहात साखर कमी घालायला सांगितलं होतं आणि शेजारच्या टेबलावरच्या प्रोग्रॅममधली चूक दाखवली होती.

आमचे साहेब, देवधर सर, फार सावकाश बोलायचे. सोमवारी ते “वाघमारे, तुम्हाला” म्हणाले आणि चष्मा पुसायला थांबले. बढतीची बातमी तिला गुरुवारी कळली.

आमचं ऑफिस कर्वेनगरात एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर होतं. तेव्हा पुण्यात संगणकाच्या असल्या कंपन्या गल्लोगल्ली निघत होत्या. एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या गावोगावच्या गोदामांतून कुठला ट्रक निघाला, कुठला पोचला, ही खबर फोनच्या तारांवरून पुण्यात आणायची, हे आमचं काम. आमचा पहिला प्रोग्रॅम एकेका तारेपाशी जाऊन बसायचा. सोलापूरचा माणूस जेवायला गेला, की प्रोग्रॅम सोलापूरच्या तारेपाशी ताटकळत, आणि तिकडे कोल्हापूर, नागपूर ओरडून बेजार.

“मी सोलापूरच्या दारात का बसू?” असं म्हणून ज्योत्स्नाने सगळं पुन्हा लिहिलं. त्यात ‘सिलेक्ट’ नावाची एक सोय वापरली. “सगळ्या तारा कर्नलच्या ताब्यात द्यायच्या आणि सांगायचं, मी झोपते. जी वाजेल तिच्यासाठी उठव. उठले की तिचं असेल तेवढं ऐकून घ्यायचं आणि पुन्हा झोपायचं.”

कर्नल म्हणजे संगणकाचा आतला कारभारी. पण हे वाक्य ती घरीही बोलली. तिचे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात. आयुष्यभर खऱ्या कर्नलांना सलाम ठोकलेले. मुलगी कर्नलला सांगते की मी झोपते, तू जागा राहा, हे ऐकून त्यांनी म्हणे दार लावून घेतलं.

प्रोग्रॅम उत्तम चालला, आणि तिथेच घोटाळा झाला. ज्योत्स्ना तसंच जगायला लागली. मिसळ एका हॉटेलात सांगायची, चहा समोरच्या हॉटेलात, तुटलेली चप्पल कोपऱ्यावर शिवायला टाकायची, आणि स्वतः एका पायात चप्पल घालून रस्त्याच्या मधल्या दुभाजकावर उभी राहायची. ज्याची हाक येईल तिकडे जाणार. “एका ठिकाणी का अडकायचं?” हे तिचं उत्तर. ट्रॅफिक हवालदाराने शेवटी तिच्याकडे बघणं सोडून दिलं.

एका शुक्रवारी ती म्हणाली, “रविवारी घरी ये गं. मला बघायला येणारेत.”

“कोण कोण?”

“तिघं.”

“मुलगा आणि आईवडील?”

“तीन मुलगे.”

मी हसले. ती हसली नाही.

तिची आई नव्हती. म्हणून चहापोह्यांना मी. दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये शेजाऱ्यांच्या खुर्च्या मांडल्या होत्या. वाघमारे काका इस्त्रीचा शर्ट घालून, नुकत्याच आलेल्या फोनशेजारी बसले होते. आज तीन मुलगे येणार, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. पहिला मुलगा आपल्या मामांबरोबर आला, तो बँकेत. दुसरा इंजिनियर, तो आईबरोबर आला. तिसरा, सुहास कांबळे, एका छापखान्यात प्रुफं तपासायचा. विहारातल्या ओळखीतून, एकटाच आलेला. तो खुर्चीच्या कडेवर बसला.

बराच वेळ छान चाललं, कारण प्रत्येकाला बाकीचे मुलीकडचे वाटत होते. मामांनी इंजिनियरच्या आईला पोह्यांची बशी पुढे केली आणि हळूच विचारलं, “मुलगी हट्टी आहे का हो?”

“मला काय माहीत? मीसुद्धा बघायलाच आलेय.”

खोलीतले चमचे थांबले. मामा एकदम उभे राहिले. “हा काय बाजार मांडलाय?”

काकांचा चेहरा पांढरा पडला. ज्योत्स्ना मात्र शांत. तिने बँकवाल्याला विचारलं, “तुम्ही एका दिवसात किती मुली बघता?”

“दोन,” तो म्हणाला. मग प्रामाणिकपणे, “कधीकधी तीन.”

“मीही तेच केलं. फक्त तुमच्या मुलींची एकमेकींशी गाठ पडत नाही.”

इतक्यात सुहासचे ओठ हलले. “द…” त्याने स्वयंपाकघराकडे बोट केलं. ज्योत्स्ना वळली, पण तेवढ्यात इंजिनियरच्या आई संस्कारांविषयी बोलू लागल्या. “द… दू…” ती पुन्हा वळली, तर मामा छत्री शोधत ओरडले. असं चाललं असतानाच घरभर करपल्याचा वास सुटला. सुहास उठला, आत गेला, गॅस बंद करून बाहेर आला आणि म्हणाला, “दूध.”

तोवर दोन्ही मंडळी जिना उतरली होती.

आम्ही दोघी आत पातेलं घासायला लागलो. मी चिडले होते. “काय मिळवलंस? काकांची काय अवस्था केलीस बघ.”

“त्यांच्यासाठीच केलं,” ती म्हणाली. हात चालूच होते. “एकेक जण येतो, खातो, ‘कळवतो’ म्हणतो. मग बाबा फोनपाशी बसतात. संध्याकाळी मैदानावर फिरायला जायचे, ते बंद झालं. विहारात जात नाहीत. अंघोळीला गेले तर मला तिथे बसवतात. कुणी नाही म्हणालं की सुटतात बिचारे. पण निम्मे लोक नाहीसुद्धा म्हणत नाहीत. एक थांबणं संपतं, दुसरं सुरू होतं. म्हटलं, तिघांचं एकदम झालं तर एकदाच बसतील.”

मी एवढा वेळ मध्ये बोलले नव्हते. तीही कुठे वळली नव्हती.

बाहेर आलो तर सुहास अजून उभाच होता. काका सवयीने म्हणाले, “कळवा हं. सावकाश कळवा.”

त्याने मान हलवली. “क… कळवत नाही. आ… आत्ता सांगतो.”

मग त्याचं वाक्य सुरू झालं. मध्येच शेजारीण खुर्च्या न्यायला आली, ती बोलली, गेलीही. खाली कुणाची तरी स्कूटर चालू होईना. सुहास एका अक्षरावर अडकायचा, कपाळाचा घाम पुसायचा, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. ज्योत्स्नाचे हात राखेने माखलेले होते. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती, शब्द पुरवत नव्हती. वाक्य संपलं तेव्हा कळलं, त्याला ती आवडली होती. बाकीचे दोघे आले म्हणून राग नव्हता. तिला तो नको असेल तर तेही तिने आत्ताच सांगावं.

“बसा,” ज्योत्स्ना म्हणाली. “चहा कोरा चालेल?”

काका उठले. “कोरा कशाला? मी दूध घेऊन येतो,” म्हणाले आणि चपला घालून जिना उतरले.

मी खिडकीतून बघत होते. डेअरी कोपऱ्यावरच होती. काका तिच्यासमोरून तसेच पुढे गेले, मैदानाकडे वळले, आणि अंधार पडेपर्यंत परतले नाहीत.