जाळीचा हेडफोन

परवडणारा हेडफोन कसा निवडावा, हे आपल्याइतकं कुणालाच कळत नाही, असं तक्तेसाहेबांचं ठाम मत होतं. हे नाव ऑफिसात पडलेलं. हा गृहस्थ छत्री घ्यायची झाली तरी आधी तक्ता आखायचा. हेडफोनसाठी त्यांनी तीन महिने वाचन केलं, एक वही भरली आणि दुकानदाराला घाम फोडला.

दुकानदाराने एवढंच विचारलं होतं, "रेकॉर्डिंगसाठी हवाय की मिक्सिंगसाठी?"

"दोन्हीसाठी."

"मग दोन घ्या. रेकॉर्डिंगला बंद पाठीचा, मिक्सिंगला जाळीचा."

आपल्याला गिऱ्हाईक समजतोय काय! तक्तेसाहेबांनी वहीतला पहिला नंबर दाखवला आणि एकच घेतला. जाळीचा. त्यात आवाज कसा मोकळा येतो म्हणे.

आता घरात कसोटीची वेळ होती. बायको अकरा वर्षं दातांच्या दवाखान्यात लोकांना नंबर देत होती आणि पहाटे गाण्याचा रियाज करत होती. तिचं गाणं कुणीतरी मागवण्याची ही पहिलीच वेळ. एका संगीतकार बाईंनी मालिकेच्या गाण्यासाठी नमुना मागितला होता, चाल आणि गिटारची साथही पाठवली होती. बाईंचा निरोप साहेबांनीच वाचून रेकॉर्डिंगचं काम अंगावर घेतलं होतं. चार वाजेपर्यंत नमुना पोचला नाही, तर संधी दुसऱ्या कुणाला तरी मिळणार होती. बायकोने अर्धी रजा टाकली होती आणि सकाळपासून ती फक्त कोमट पाणी पीत होती.

अडीच वाजता तक्तेसाहेबांनी तिला हेडफोन घालून कपड्यांच्या कपाटात, शर्टांच्या मधोमध उभं केलं. समोर माइक. खिडक्या बंद, पंखा बंद, फ्रिजही बंद. ती गायली, आणि फार सुंदर गायली. साहेबांनी साथ बंद करून नुसता आवाज ऐकला आणि त्यांचा चेहरा उतरला. आवाजामागे बारीकशी गिटार वाजत होती.

"शेजारी कुणीतरी गिटार वाजवतंय."

"आपलंच गाणं?" बायको कपाटातून म्हणाली.

दोघांनी भिंतीला कान लावला. शांतता. पुन्हा रेकॉर्डिंग केलं, पुन्हा गिटार. थांबले, तर शांतता.

"आपण थांबलो की तेही थांबतात," साहेब कुजबुजले. "किती सराईत आहेत बघ. घड्याळकाकांची सून गाते ना? तिलाही हीच चाल आलेली दिसतेय."

"अहो, ती अशी नाही. सव्वातीन वाजलेत, जे झालंय ते पाठवून द्या."

"चोराची गिटार पाठवू? तू गात राहा, मी रंगेहाथ पकडतो."

साथ सुरूच ठेवून साहेब तणतणत शेजारी गेले. घड्याळकाकांनी दार उघडलं. एका डोळ्याला भिंग, हातात चिमटा.

"सूनबाईंना जरा थांबायला सांगा."

"सून बँकेत गेलीय. संध्याकाळी येईल."

"मग गिटार कोण वाजवतंय?"

"मी तर नाही," काका म्हणाले आणि भिंग न काढताच मागोमाग आले. चाळीस वर्षं घड्याळं कानाला लावून त्यांची दुखणी ओळखलेला माणूस. ते कपाटापाशी गेले आणि मान तिरकी करून दोन क्षण उभे राहिले.

"गिटार तुमच्या बायकोच्या कानाशी वाजतेय," ते म्हणाले. "या जाळीतून सगळं बाहेर येतंय. माइक ऐकणारच."

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. चाराला वीस मिनिटं होती. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाहून साहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन महिन्यांच्या अकलेने आपण हिच्या अकरा वर्षांवर पाणी फिरवतोय, हे त्यांना तेव्हा कळलं.

"फोनबरोबर फुकट आलेले ते कानात घालायचे इअरफोन कुठे आहेत?" बायकोने विचारलं.

वहीत त्यांचा नंबर शेवटचा होता. पुढे शेरा होता: कचरा. साहेबांनी टेबलाचे तिन्ही खण जमिनीवर उपडे केले तेव्हा सुतळीच्या गुंडाळीत ते सापडले. बायकोने ते कानात कोंबले, डोळे पुसले आणि एका दमात गाणं म्हटलं. काका भिंग लावून शर्टाची बाही धरून उभे होते, हँगर हलू नये म्हणून. मागे गिटारचा मागमूस नव्हता.

तीन सत्तावन्न. मिक्सिंगला वेळच उरला नव्हता. ना साथ जोडलेली, ना कसली सफाई. साहेबांनी तो उघडाबोडका आवाज पाठवला आणि खुर्चीत कोसळले. "संपलं सगळं. माझ्यामुळे."

सहा वाजता फोन टुणकन वाजला. संगीतकार बाईंचा निरोप बायकोने दोनदा मनात वाचला, मग मोठ्याने. "तुमची निवड झाली. नुसता आवाज पाठवणाऱ्या तुम्ही एकट्याच. बाकी सगळ्यांनी साथ जोडून, मिक्सिंग करून पाठवलं."

"म्हणजे?" साहेब म्हणाले.

बायकोने बोटाने स्क्रीन वर सरकवली. बाईंचा पहिला निरोप चार ओळींचा होता. शेवटची ओळ अशी: साथ फक्त ऐकायला आहे, नमुन्यात नुसता आवाज हवा, मिक्सिंग आम्ही करू.

"हे तुम्ही वाचलं नव्हतं?"

तक्तेसाहेबांनी वही हळूच मिटली आणि फ्रिज चालू करायला उठले.