मुंगसेबाईंचा संशोधनातला रस

बाळांनो, एका जंगलात नदी होती, वनराज होते आणि विद्यापीठही होतं. विद्यापीठ म्हटलं की प्राध्यापक आले. आणि प्राध्यापकाला कशात ना कशात रस असावाच लागतो. म्हणून जीवशास्त्र विभागाच्या दारात एक मोठा फलक होता. त्यावर प्रत्येकाचं नाव आणि नावापुढे त्याला कुठल्या संशोधनात रस आहे ते.

विभागप्रमुख होते घोरपडे सर. घोरपडच ते, खुर्चीला एकदा चिकटले ते चिकटलेच. त्यांना 'तुटलेल्या शेपटीच्या पुनर्निर्मिती'त रस होता. त्यांची स्वतःची शेपटी शाबूत होती, आणि दुसऱ्या कुणाची तुटकी शेपटी त्यांनी कधी पाहिली नव्हती. पण परिषदांची बोलावणी नेमाने येत. बगळे सरांना 'एका पायावर उभं राहण्याचे मेंदूवरील परिणाम' यात रस होता. हे संशोधन ते तळ्यात उभं राहून करत आणि मधूनमधून मासा खात.

मग आल्या मुंगसेबाई. मुंगूस म्हणजे सर्पविषावरच काम करणार, असं सगळे धरून चालले होते. बाईंनी मात्र आपल्या नावापुढे लिहायला लावलं : 'भेकरांच्या पाडसांची हगवण.'

फलक रंगवणाऱ्याने दोनदा विचारून घेतलं. दारातच हगवण लिहिलेली बरी दिसत नाही, असं बगळे सरांचं म्हणणं पडलं. शेवटी 'अतिसार' लिहायचं ठरलं. मग कुणाला काही घाण वाटली नाही.

तर, भेकर म्हणजे एक लहानसं हरीण. दर उन्हाळ्यात त्यांची पाडसं हगवणीने लोळायची आणि त्यातली बरीचशी जायची. मुंगसेबाई तीन उन्हाळे तळ्याकाठी बसल्या. कुठलं पाडस कुठे पाणी पितं, केव्हा आजारी पडतं, सगळं लिहून ठेवलं. पाडसांची विष्ठा पळसाच्या द्रोणात भरून आणली, भिंगाखाली पाहिली. त्या तीन वर्षांत विभागात त्यांच्या शेजारी कुणी डबा खायला बसलं नाही.

तिसऱ्या वर्षी मूळ सापडलं. वनराजांच्या मुदपाकखान्यातली आतडी आणि हाडकं वरच्या ओढ्यात फेकली जात आणि वाहत तळ्यात येत. उन्हाळ्यात पाणी आटलं की ती तळ्यात कुजत. टेकडीवर मात्र एक स्वच्छ झरा होता. तिथलं पाणी पिणारं एकही पाडस कधी आजारी पडलं नव्हतं.

बाईंनी संशोधन समितीपुढे अहवाल ठेवला. त्यात एकच ओळ होती : मुदपाकखान्याची घाण ओढ्यात टाकू नये, आणि ते बंद होईपर्यंत पाडसांना झऱ्याचं पाणी पाजावं.

घोरपडे सरांनी पान उलटून मागे काही आहे का ते पाहिलं. बगळे सरांनी विचारलं, यात यंत्र कुठलं वापरलं? बाईंनी भिंग दाखवलं. समितीतल्या एकदोघांनी माना खाली घातल्या.

"बाई," घोरपडे सर समजुतीने म्हणाले, "तुमचा निष्कर्ष एका ओळीत मावतो, ही एक अडचण. आणि त्या ओळीत मुदपाकखाना येतो, ही दुसरी."

अहवाल अधिक अभ्यासासाठी परत आला.

त्या संध्याकाळी बाई तळ्यावर गेल्या, तेव्हा तांबडी नावाची भेकर तिथे उभी होती. आदल्या वर्षी तिचं एक पाडस गेलं होतं. यंदाचं तिच्या पायाशी मान टाकून पडलं होतं. समिती काय म्हणाली, हे तिने विचारलं नाही.

"बाई, आज कुठलं पाणी पाजू, तेवढं सांगा," ती म्हणाली.

मुंगसेबाईंना स्वतःचीच लाज वाटली. अहवाल मंजूर झाल्यावर सांगू, म्हणून त्या इतके दिवस थांबल्या होत्या. त्यांनी टेकडीकडे बोट दाखवलं.

चौथ्या दिवशी पाडस उभं राहिलं. बातमी रानभर झाली आणि भेकरी पाडसांना घेऊन टेकडी चढू लागल्या. पंधरा दिवसांत हगवणीचं एकही पाडस उरलं नाही.

आणि इथेच घोटाळा झाला, बाळांनो. कारण मधल्या काळात घोरपडे सरांचा रस बदलला होता. फलकावरची शेपटी पुसून तिथे 'अतिसाराचं आनुवंशिक मूळ' आलं होतं. दोष भेकरांच्या रक्तातच असावा, असं सरांना वाटू लागलं होतं. दरबाराला ही कल्पना फार आवडली. प्रकल्प ताबडतोब मंजूर झाला. त्यासाठी चाळीस आजारी पाडसं हवी होती, आणि जंगलात एकही मिळेना.

सरांनी मुंगसेबाईंना बोलावून घेतलं. संशोधनाच्या नमुन्यांची नासधूस केल्याचा ठपका त्यांच्यावर ठेवला गेला. झऱ्याभोवती काटेरी कुंपण पडलं. लांडगे हवालदार पहाऱ्यावर बसले. संशोधन पूर्ण होईपर्यंत पाडसांना आत प्रवेश नाही, अशी पाटी लागली.

पाडसं पुन्हा तळ्यावर आली, आणि पुन्हा लोळू लागली. तांबडी विभागाच्या दारात येऊन नुसती उभी राहायची. मुंगसेबाईंना तिच्याकडे बघवेना.

एके सकाळी बाई कुंपणापाशी गेल्या आणि खणायला लागल्या. लांडगे हवालदारांनी काय चाललंय ते विचारलं.

"बीळ काढतेय," बाई म्हणाल्या. "मुंगूस आहे मी."

पाच दिवस त्या खणत होत्या. नखं झिजली, पंजे सोलवटले. बीळ कुंपणाखालून झऱ्याकडे चाललंय, हे हवालदारांना दिसत होतं. त्यांनी पाटी पुन्हा एकदा वाचली. पाडसांनी आत जायचं नव्हतं. पाण्याने बाहेर यायचं नाही, असं त्यात कुठे म्हटलेलं नव्हतं. ते बिळाकडे पाठ करून बसले.

सहाव्या दिवशी बिळातून पाणी बाहेर आलं आणि उतारावर त्याचं डबकं झालं. पाडसं तिथे पिऊ लागली. आठवड्यात सगळी बागडायला लागली.

आता प्रकल्प बुडणार, असं बाईंना वाटलं. पण घोरपडे सर शांत होते. त्यांचे निष्कर्ष प्रकल्प सुरू होण्याआधीच लिहून झाले होते. शोधनिबंध वेळेवर प्रसिद्ध झाला. चाळीस पाडसांपैकी एकतीस रक्तदोषाने आजारी आणि नऊ दगावलेली. वनराजांनी भर दरबारात सरांना शाल घातली.

समारंभाला भेकरींनाही बोलावलं होतं. निबंधाच्या शेवटी पाडसांची यादी होती, ती बगळे सरांनी वाचून दाखवली. दगावलेल्यांत तांबडीचं पाडस होतं, क्रमांक सतरा. ते त्या वेळी मंचाजवळ उभं राहून स्वागतकमानीचे झेंडू खात होतं.

मुंगसेबाई उठल्या आणि त्यांनी ते सगळ्यांना दाखवलं.

घोरपडे सरांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "नोंदीप्रमाणे ते मेलेलं आहे," ते म्हणाले. "आणि नोंद दोन तज्ज्ञांनी तपासली आहे."

टाळ्या झाल्या. क्रमांक सतराने दुसरी माळ ओढली.

दुसऱ्या दिवशी फलकावरून मुंगसेबाईंचं नाव पुसलं गेलं. कारण दिलं होतं : यांना संशोधनात रस नाही. बाई आता त्या बिळाच्या तोंडाशीच राहतात. भेकरी येतात, पाडसाचं पोट दाखवतात, विचारून जातात. यातलं काहीच कुठे प्रसिद्ध होत नाही.

तात्पर्य : रोगाच्या मुळाशी जायला हरकत नाही, फक्त तिथे कोण जेवायला बसलं आहे ते आधी पाहावं. आणि एखादा रोगी बरा झालाच, तर त्याने निदान समारंभाला येऊ नये.