मान खाली घातलेलं विमान

आर्डिथचा फोन आला तेव्हा मेव्हिसचे दोन्ही हात पिठात होते, म्हणून तिने कोपराने स्पीकर लावला. तिथेच चूक झाली. धाकटी बहीण फोनवर काय बोलेल याचा नेम नाही, आणि नवरा डेल्बर्ट मागच्या दारात बूट पुसत उभा.

"रविवारी माझा वाढदिवस आहे, लक्षात आहे ना? गाडीनेच या बाई," आर्डिथ म्हणाली. "त्या उडत्या जात्यातून नको. मागच्या खेपेला उतरलीस तेव्हा चष्मा एका कानाला लोंबत होता, आणि मला मिठी मारायच्या आधी तू दात चाचपून पाहिलेस."

यातलं अक्षरही खोटं नव्हतं. त्या खेपेनंतर मेव्हिस विमानात चढलीच नव्हती. डेल्बर्टच्या चार आसनी विमानाला ती स्वतः 'चाळण' म्हणायची, 'पत्र्याची हुडहुडी' म्हणायची. उभ्या गावाचे दात घट्ट करण्यात डेल्बर्टने आयुष्य घालवलं, आणि रिटायर झाल्यावर बायकोचे खिळखिळे करायला हे यंत्र पाळलं, असं ती चर्चमध्ये चारचौघांत सांगायची. पण नवऱ्याला नावं ठेवायचा मक्ता तिचा होता. त्यात बहिणीला भागीदारी दिलेली नव्हती.

"विमानानेच येणार," मेव्हिस म्हणाली. "आणि असं अलगद येणार, की मांडीवर केक घेऊन बसेन."

"अस्सं? मग मी धावपट्टीवर खुर्ची टाकून बसते. सगळ्या पाहुण्यांना घेऊन बसते."

फोन बंद झाला. दारात डेल्बर्टचा चेहरा असा फुलला होता, जणू आत्ताच कोणी त्याच्या गळ्यात पदक घातलं.

"मेव," तो म्हणाला, "खरंच बसशील?"

"आता काय करते? तोंडातून गेलं ना! पण ते हादरणं बंद कर. रविवारच्या आत."

हादरण्याचं कारण सगळ्या विमानतळाला ठाऊक होतं. विमानतळ म्हणजे आयोवातल्या मक्याच्या शेतांमधली गवताची एक पट्टी आणि विमानं ठेवायचे पत्र्याचे चार हँगर. विमानाचं इंजिन चार कोपऱ्यांवर जाड रबरी गट्टूंवर बसतं. इंजिनाची थरथर त्यांनी गिळायची आणि माणसांपर्यंत पोचू द्यायची नाही, एवढंच त्यांचं काम. डेल्बर्टच्या रबरांनी ते काम कधीच सोडून दिलं होतं. लोवेल मेकॅनिक दर वार्षिक तपासणीला सांगायचा, "डेल्ब, रबरं बदल." डेल्बर्ट दर वेळी म्हणायचा, "अजून एक वर्ष निघेल." कायदा असा, की मालकाने स्वतः हात घातला तरी चालतो, फक्त परवानेवाला डोक्यावर उभा हवा आणि शेवटी त्याची सही हवी. लोवेल डोक्यावर उभा राहण्यात पटाईत होता. त्याने उभ्या आयुष्यात कोणाचं कौतुक केल्याचं ऐकिवात नव्हतं.

शनिवारी सकाळी मेव्हिस केक घेऊन हँगरवर गेली. घरी ठेवला तर डेल्बर्ट येताजाता टोकरेल, म्हणून तो तिने नजरेसमोर, विमानाच्या शेपटाकडच्या बुटक्या टेबलावर ठेवला. हँगरमध्ये नेहमीची रिटायर मंडळी कॉफीचे कप घेऊन हजर होती. या मंडळींचा नियम एकच: हात लावायचा नाही, सल्ला थांबवायचा नाही.

"इंजिनाची साखळी अजून वर घे," म्हातारा व्हर्जिल म्हणाला.

"खाली घे," दुसरा म्हणाला.

"माझ्या विमानाच्या वेळी आम्ही आधी पंखा काढला होता," तिसरा म्हणाला. त्याचं विमान तळ्यात बुडालेलं होतं.

डेल्बर्टने साखळीच्या कप्पीने इंजिन उचलून धरलं, बोल्ट काढले, आणि रबरांपर्यंत हात जावा म्हणून इंजिन जरासं पुढे ओढलं. नाकावरचं वजन गेलं की विमान शेपटावर बसतं, म्हणून शेपटाखाली टेकू लावायचा असतो. हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्यामुळे तो दुसऱ्याने लावलाच असेल याचीही प्रत्येकाला खात्री होती. विमानाने सावकाश, पोक्त बाईने बाकावर बसावं तसं, शेपूट खाली टेकवलं. केकवर.

सगळे टेबलाभोवती जमले. मग व्हर्जिल म्हणाला, "बरं झालं, खाली मऊ काहीतरी होतं."

"व्हर्जिल," मेव्हिस म्हणाली, "तुझी कॉफी संपली असेल तर घरी जा. नसेल संपली तरी जा."

जुनी रबरं निघाली ती चपटून पापड झालेली. नवी बसवली, बोल्ट आवळले, कप्पी सोडली. आणि इंजिन अंगठाभर वर येऊन ऐटीत बसलं. डेल्बर्टने टाळी वाजवली. मग इंजिनावरचं पत्र्याचं झाकण लावायला घेतलं, तर ते लागेना. पंख्यासमोरची निमुळती टोपी झाकणाच्या कडेवर घासत होती. धुराचा पाइप भोकाच्या एका काठाला टेकला होता. स्क्रूची भोकं तर एकमेकांशी अबोला धरल्यासारखी.

लोवेलने झाकणावर बॅटरी मारली, वाकून पाहिलं, आणि बराच वेळ दाढी खाजवली.

"डेल्ब, ही भोकं कोणी पाडली?"

डेल्बर्टने घसा साफ केला. "ते काय झालं, इंजिन थोडं खाली आलं होतं. टोपी घासायला लागली. मग मी झाकण थोडं खाली घेतलं."

"एकदा?"

"दोनदा. तीनदा. मग पाइप लागायला लागला, म्हणून त्याचं भोक थोडं कापलं."

"म्हणजे रबर बसत गेलं आणि तू त्याच्या मागोमाग सगळं विमान बसवत गेलास!" लोवेल म्हणाला. "कुबड आलेल्या माणसाच्या मापाने कोट शिवलास. आता माणूस ताठ उभा राहिला तर कोट होत नाही म्हणून रडतोस. मूळची भोकं कुठायत?"

"ती बुजवली."

"दिसत पण नाहीत."

"हो ना!" डेल्बर्टच्या आवाजात नको तेवढा अभिमान आला. "वरून घासून पॉलिश केलं ना मी."

"हा दात नाही, डेल्ब!"

मग संध्याकाळपर्यंत एका निवृत्त दंतवैद्याने स्वतःच्या हाताने भरलेली भोकं स्वतःच्याच हाताने पुन्हा कोरली, आणि मेव्हिसने बॅटरी धरली. झाकण मूळच्या जागी बसलं. पंख्याने टोपीसकट पहिल्यांदा समोर पाहिलं. इतकी वर्षं ते विमान मान खाली घालून उडत होतं, हे तेव्हा कुठे मेव्हिसच्या लक्षात आलं. लोवेलने इंजिन चालवून पाहिलं, सगळीकडून पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि सही केली. "माझ्या मनात नसताना बरं झालंय," तो म्हणाला.

रविवारी सकाळी ती दोघं निघाली. विमान उठलं, आणि मेव्हिसला वाटलं आपण आरामखुर्चीत आहोत. चष्मा नाकावर. दात जागच्या जागी. खाली मक्याची शेतं गुळगुळीत सरकत होती. तिने मनातल्या मनात आर्डिथला ऐकवायची वाक्यं जुळवायला घेतली.

"मेव," डेल्बर्ट हळूच म्हणाला. "बंद पडलं."

"काय?"

"इंजिन."

"पंखा फिरतोय की!"

"फिरतोय खरा. पण अंगाला लागत नाही."

त्याने पहिली दिसली ती पट्टी पकडून विमान उतरवलं, झाकण उघडलं, आत डोकं घातलं. सगळं ठणठणीत. पुन्हा उडाले. थोड्या वेळाने त्याला शिट्टी ऐकू आली. पुन्हा उतरले. शिट्टी दाराच्या फटीची होती आणि ती पहिल्यापासून होती. फक्त आजवर त्या खडखडाटात कोणाच्या कानी पडली नव्हती. मेव्हिसने नवऱ्याकडे नीट पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम होता. इतकी वर्षं तो काट्यांकडे बघून उडवतच नव्हता. इंजिनाची तब्येत त्याला बसल्या जागी, खालून कळायची. झाकणासारखाच तोही त्या जुन्या रबरांच्या मापाने कापलेला होता.

"इथे भाड्याची गाडी मिळते म्हणे," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "गाडीने जाऊ या का? आर्डिथला सांगू, हवा खराब होती."

आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. धावपट्टीच्या कडेला खुर्ची टाकून बसलेली आर्डिथ मेव्हिसला लख्ख दिसली, मागे पाहुण्यांची रांग. आणि भाड्याच्या गाडीतून उतरणारा डेल्बर्टही दिसला. तो तिला अजिबात बघवेना.

"गाडीबिडी काही नाही. बस आत," ती म्हणाली. "आणि पुढे बघ. माझ्याकडे बघायचं नाही."

विमान वर आलं, तशी डेल्बर्टची मान आखडायला लागली. मेव्हिसने खिडकीबाहेर बघत डावा हात हळूच त्याच्या सीटखाली घातला. सीट रुळांवर होती आणि रूळ जुने, चांगलेच सैल. तिने कड पकडली आणि गदागदा हलवायला सुरुवात केली.

डेल्बर्टचे खांदे खाली आले. "आत्ता बघ," तो खुशीत म्हणाला. "रुळलं. नवीन रबराला जरा वेळ द्यावा लागतो."

"हो का," मेव्हिस दात आवळून म्हणाली.

हात भरून आला की ती थांबायची, आणि ती थांबली की तो काटे ठोकून पाहायचा. मग तिने थांबणंच सोडलं. जे बंद व्हावं म्हणून तिने आयुष्यभर तोंड चालवलं, तेच आर्डिथच्या गावच्या, विस्कॉन्सिनच्या तळ्यांपर्यंत तिने स्वतःच्या हाताने चालू ठेवलं. उतरताना त्याने विमान गवतावर इतकं हळुवार टेकवलं, की पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

आर्डिथ खुर्चीतून उठली. उठावंच लागलं तिला.

"काय गं? हादरलं?"

"जराही नाही. झोप लागत होती मला."

"केक कुठाय?"

"केकला वेळच कुठे होता! इतक्या लवकर पोचलो."

"मग हात का असा थरथरतोय तुझा?"

"वय," मेव्हिस म्हणाली. "तुलाही गाठेल आता."

आर्डिथने खुर्ची मिटून काखोटीला मारली. सगळे घराकडे चालायला लागले. डेल्बर्ट विमानाला दोर बांधून मागून आला. त्याने तिचा डावा हात आपल्या हातात घेतला आणि डॉक्टरच्या सफाईने कोपरापर्यंत चोळत चालला. मग कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाला,

"जाताना तू मागच्या सीटवर बस. तिथून दोन्ही हात पोचतील."