एका खिशात तेरा नाणी

बहिणीच्या लग्नाच्या सकाळी इसागानी आरशासमोर उभा राहून एकाच गोष्टीचा विचार करत होता. पितळी नळी डाव्या खिशात बरी दिसेल की उजव्या?

खरं तर नळी घरीच राहायची होती. आदल्या दिवशी मिंडाने, म्हणजे बहिणीने, त्याच्याकडून तसं कबूल करून घेतलं होतं. दादाला त्यांच्याकडे कुया म्हणतात.

"कुया, एक दिवस. उद्याचा फक्त एक दिवस तुझी ती वेपची नळी नको. मला चर्चमध्ये तुझा हात हवाय, धूर नकोय."

"आणणारच नाही," तो म्हणाला होता आणि म्हणताना ते त्याला अगदी खरं वाटलं होतं. पण सकाळी घसा कोरडा पडला. लग्नाची प्रार्थना लांबलचक, त्यात पाद्री बोलका. शेवटी त्याने स्वतःशी तडजोड केली की खिशात असणं वेगळं आणि ओढणं वेगळं. पळवाट शोधणाऱ्याला वाट नेहमीच सापडते. त्याने नळीतून बॅटरी काढली, नळी डाव्या खिशात घातली आणि बॅटरी तिच्या प्लास्टिकच्या डबीत बंद करून डबी उजव्या खिशात ठेवली. एवढी काळजी घेतल्यावर त्याला आपण वचन मोडतोय असं वाटेनासंच झालं.

मारिकिना शहरात त्याचं वेपचं, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या सिगारेटींचं, दुकान होतं आणि यांत्रिक नळ्या ही त्याची खासियत होती. या नळीत ना चिप असते, ना फ्यूज, ना कसली दयामाया. बटण दाबलं की बॅटरीची सगळी ताकद थेट तारेत. त्यामुळे सांभाळायचं ते माणसानेच. इसागानी गिऱ्हाइकाला नमस्कार नंतर करायचा, आधी त्याची बॅटरी भिंगाखाली धरायचा. वेष्टनाला खरचटलेलं दिसलं की म्हणायचा, "ही घेऊन माझ्या दुकानात शिरलासच कसा?" मग खिसे उलटे करायला लावायचा. "नाणी आणि बॅटरी एका खिशात? नाणं टेकलं की पेटते ती! घरी आई आहे ना रे तुला?" लोक त्याला पाठीमागे बिशप म्हणत. बॅटरीच्या बाबतीत तो नाकाने कांदे सोलायचा, हे त्याला स्वतःलाही मान्य होतं.

आज खिशात घातलेल्या बॅटरीचं वेष्टन वरच्या कडेला नखभर फाटलं होतं. ते त्याने पाहिलं होतं. लग्न उरकलं की नवं चढवू, असं म्हणून त्याने ते सोडून दिलं होतं.

चर्चच्या दारात पहिला घोळ झाला. तिया पासिंग, त्याची मावशी, त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघत उभी राहिली. अंगातल्या बारोंगचं, म्हणजे समारंभाच्या लांब सदऱ्याचं, कापड कांद्याच्या सालीइतकं पातळ, आतलं काही लपत नाही.

"गानी, मांडीवर ते काय उगवलंय तुझ्या?"

"काही नाही, तिया. डबी आहे."

"फोटोत गळू आल्यासारखं दिसेल. काढ बघू आधी!"

वाद घालावा तर डबी उघडून दाखवावी लागणार. त्याने पाठ फिरवून डबी खिडकीत ठेवली आणि बॅटरी तशीच उघडी खिशात सोडली. खिशात दुसरं काहीच नव्हतं, त्यामुळे नियम काही मोडत नव्हता.

दुसरा घोळ लगेच पायरीवर झाला. लग्नविधीत नवऱ्याने बायकोच्या ओंजळीत ओतायची तेरा नाणी तिया पासिंगकडे शिंपल्याच्या पेटीत होती. तिच्या उंच टाचेने दगा दिला, पेटी पायरीवर आपटली आणि नाणी चौफेर उडाली. सगळ्यांनी वाकून ती गोळा केली. ठेवायची कशात? तियाच्या झग्याला खिसा नव्हता आणि पर्स एवढीशी की रुमालही कोंबावा लागत होता.

"धर रे, तुझ्याकडे ठेव जरा."

"तिया, माझ्याकडे नको, मी—"

तेवढ्यात आत ऑर्गन वाजला. मिंडा त्याच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली, पांढऱ्या झग्यात, हातात मोगऱ्यासारख्या फुलांचा गुच्छ. तिच्याकडे बघताना त्याला बापाची आठवण झाली. बाप गेला तेव्हा ती शाळेच्या गणवेशात होती. तिला वेदीपर्यंत न्यायचं, हे त्याने तेव्हाच मनाशी धरलं होतं. डोळे भरून आले, समोरचं दिसेना, आणि हातातली नाणी कुठेतरी ठेवायला हवी होती. ती त्याने उजव्या खिशात सोडली.

दोघं चालू लागले. प्रत्येक पावलाला नाणी खुळखुळत होती. अर्ध्यावर आल्यावर इसागानीला मांडीपाशी ऊब जाणवली. भावना अनावर झाल्यावर असं होत असेल, असं त्याला वाटलं. पुढच्या पावलाला ती ऊब राहिली नाही, चटका झाली. मग त्याला कळलं. अख्ख्या मारिकिनाला जे तो शिकवत आला होता, ते त्याच्याच मांडीवर शिजत होतं.

"कुया, काय झालं?"

"मिंडा, माझी राणी, एक मिनिट!"

त्याने तिचा हात सोडला. एक पाय उडवत, खिसा उलटा करत तो बाजूच्या भिंतीकडे धावला. नाणी फरशीवर घरंगळली. फुसफुसणारी बॅटरी त्याने बारोंगच्या टोकात पकडली आणि मेणबत्त्या खोचलेल्या वाळूच्या परातीत खोल खुपसली. वाळूतून करडा धूर निघाला. मागच्या बाकावरची एक म्हातारी धूप समजून क्रूसाची खूण करू लागली.

"कोणी पाणी आणा!" पाद्री ओरडले.

"पाणी नको, फादर! वाळू घाला अजून!" इसागानीने ओरडून सांगितलं. ज्ञान सगळं शाबूत होतं, फक्त वेळेवर आलं नव्हतं.

धूर विरल्यावर त्याने मागे पाहिलं. पँटला मांडीवर तळहाताएवढं भोक होतं आणि आतली कातडी लाल झाली होती, पण जिवाला लागलं ते दुसरंच. वाटेच्या ऐन मध्यावर मिंडा एकटी उभी होती. नवऱ्याकडचे एक काका हात पुढे करून म्हणत होते, "चल बाळ, मी नेतो."

"नको. माझा भाऊ येतोय," ती म्हणाली.

तो लंगडत आला. मान वर करायची सोय नव्हती. "मिंडा, मी अर्ध्यात हात सोडला गं तुझा."

"दुसऱ्या खिशात काय आहे?"

त्याने नळी काढून दिली. तिला खिसा नव्हता. तिने क्षणभर विचार केला, नळी गुच्छात खोचली आणि त्याच्या दंडात हात घातला. "आता चल. आणि भोकावर हात ठेव, लोक बघतायत."

फरशीवरून पुन्हा गोळा केलेल्या नाण्यांपैकी एक काळंठिक्कर पडलं होतं. नवऱ्याने तेही इतरांबरोबर तिच्या ओंजळीत ओतलं.

आता लग्नाचा मोठा फोटो इसागानीच्या दुकानात टांगलेला आहे. त्यात मिंडा हसतेय आणि फुलांमधून पितळी नळीचं टोक चमकतंय. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक फोटोकडे बघतं, नवरीबद्दल चकार शब्द काढत नाही आणि विचारतं, "कुया, ती गुच्छातली केवढ्याला?"

"विकायची नाही," तो म्हणतो. गिऱ्हाइकाचे खिसे तो अजूनही तपासतो, पण आता आवाज खाली ठेवून.

नळी मिंडाने परत दिलीच नाही. ती नवऱ्याबरोबर इलोइलोला गेली, तेव्हा बरोबर घेऊन गेली. परवा त्याने धीर करून फोनवर विचारलं, "ती नळी कुठे ठेवलीयस?"

"कपाटात. बटणाची कडी फिरवून बंद केलीय."

"आणि ते काळं नाणं?"

"दुसऱ्या कपाटात, कुया," मिंडा म्हणाली. "नळीजवळ नाणं ठेवायचं नसतं. माझ्या भावाने शिकवलंय."