मुनीर सरांचे आणे

मुनीर सरांपुढं ‘नक्की’ हा शब्द काढायची आमच्या उस्मानपुऱ्यातल्या गल्लीत कुणाची हिंमत नाही. काढलाच, तर सर चालता चालता थांबतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि शांतपणे विचारतात, “किती आणे?”

सर उर्दू शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. आणे चलनातून कधीच गेले, सरांच्या बोलण्यातून गेले नाहीत. रुपयाचे सोळा आणे; तेव्हा सोळा आणे म्हणजे पूर्ण खात्री, आठ आणे म्हणजे असेलही, नसेलही. सोळा आणे म्हणायची मुभा ते कुणालाच देत नाहीत. “सोळा आणे फक्त मौत,” म्हणतात. “बाकी सब पंधराच्या आत.”

शाळेतसुद्धा ते पोरांना प्रत्येक उत्तरापुढं आणे लिहायला लावायचे. उत्तर चुकलं तर चालायचं, पण पंधरा आणे लिहून चुकलं की पूर्ण तास उभं राहायचं. एकदा कोपऱ्यावरचा सीताफळवाला म्हणाला, सगळी गोड आहेत, नक्की. सरांनी तीन फळं विकत घेऊन तिथंच फोडली. दोन गोड निघाली, एक पाणचट. “दहा-साडेदहा आणे बोल,” असं त्याला सांगून सर पुढं गेले. तेव्हापासून त्यांना लांबून बघितलं की तो गाडी वळवतो.

एका सकाळी त्यांनी गल्लीत जाहीर केलं की आज चौदा आणे पाऊस नाही, आणि छत्री न घेता गेले. संध्याकाळी चिंब भिजून आले. आम्ही सगळे ओट्यावर हसायला टपलेलोच होतो. सर टोपी पिळत म्हणाले, “दोन आणे कधीतरी पडणारच ना.” आणि मजेत घरात गेले. निकाल वाईट लागला म्हणून निर्णय वाईट ठरत नाही, हे त्यांनी आम्हाला दुसऱ्या दिवशी पाऊण तास समजावून सांगितलं.

मला हे सगळं लई कंटाळवाणं वाटायचं. अण्णा हरवले त्या दिवसापर्यंत.

अण्णा म्हणजे माझे वडील. एसटीत ड्रायव्हर होते. आई गेल्यावर मी त्यांना माझ्याकडं आणलं. वर्षभरापासून त्यांना विसर पडायला लागला होता. त्या दिवशी सकाळी अकराला मी अंघोळ करून बाहेर आले तर दार उघडं, फोन टेबलावर आणि अण्णा नाहीत. गल्ली पालथी घातली, मंदिर बघितलं. मग मला आठवलं की आठ दिवसांपासून ते दौलताबादच्या पेरूंचा धोशा लावून होते. मी सुनीलला, माझ्या नवऱ्याला, दुकानातून बोलावून घेतलं आणि म्हणाले, दौलताबादलाच गेलेत, दोघं दोन रस्त्यांनी जाऊ. मी स्कूटीची किल्ली घेतली, तेवढ्यात सर दारात आले.

“किती आणे, बेटा?”

मी त्यांच्यावर ओरडणारच होते. पण त्यांचा चेहरा बघितला आणि मी म्हणाले, पंधरा.

“ठीक. मग एक सांग. ते दौलताबादला गेले नसतील, तर घरात काय दिसेल?”

असा उलटा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी आत जाऊन बघितलं. बाजाराची पिशवी खुंटीलाच होती. पिशवीशिवाय अण्णा साधी मेथीसुद्धा आणायला जात नसत. चपला होत्या, बूट नव्हते. आणि कपाटातला खाकी शर्ट गायब होता.

तो त्यांचा एसटीचा शर्ट. अण्णा ड्युटीवर गेले होते.

सरांनी खिशातून पेन्सिल काढून एका रिकाम्या कागदी खोक्यावर मांडणी केली. बसस्टँड दहा आणे, दौलताबाद चार, बाकी कुठंही दोन. सुनील कुरकुरला की मग दौलताबादला कशाला जायचं. सर म्हणाले, चार आणे म्हणजे शून्य नव्हे. सुनील तिकडं गेला, सर माझ्या मागं स्कूटीवर बसले.

बसस्टँडवर अण्णा नव्हते. अर्धा तास विचारत फिरलो, कुणी बघितलं नव्हतं. माझा धीर सुटला. मी म्हणाले, सर, चुकलं तुमचं, आपणही दौलताबादला जाऊ. सर रागावले नाहीत. स्टँडचे दहा आणे खोडून त्यांनी आठ लिहिले, अजूनही सगळ्यांत जास्त हेच, म्हणाले, आणि आम्ही पुन्हा सगळे फलाट घेतले. शेवटच्या फलाटावरच्या चहावाल्यानं सांगितलं की खाकी शर्टातल्या एका म्हाताऱ्यानं जालना गाडीच्या चाकांना लाथा मारून हवा बघितली आणि मग गाडीत जाऊन बसला.

मला सरळ जालना गाठायचं होतं. सरांनी नकार दिला. प्रत्येक थांब्यावर बघायला दोन मिनिटं लागतात, म्हणाले, पण मधे उतरले असतील आणि आपण पुढं निघून गेलो तर अख्खा दिवस जाईल. ऊन मी म्हणत होतं. सत्तरीतला माणूस दर थांब्यावर उतरत होता, पानटपरीवर विचारत होता, पुन्हा चढत होता. गुडघा धरायचा, पण ‘राहू दे’ एकदाही म्हणाला नाही.

वाटेतल्या करमाडला अण्णा सापडले. थांब्याच्या बाकावर बसून दोन बायांना सांगत होते, “बसा बसा, घाई नाय. मी चहा पिलो की गाडी काढतो.” मला बघून म्हणाले, तू कशाला आलीस उन्हाची? मी रडले. सर पाठ फिरवून सुनीलला फोन लावत उभे राहिले.

त्या आठवड्यापासून एक नवीनच प्रकार सुरू झाला. रोज चार वाजता सर बूट घालून येतात आणि अण्णांना घेऊन जातात. कधी बसमध्ये बसवून करमाडपर्यंत आणि परत, कधी नुसते स्टँडवर. अण्णा त्यांना घाट कोणत्या गिअरमध्ये उतरवायचा ते सांगतात. रोज तेच.

महिनाभरानं मी सरांना म्हणाले, आमच्यापायी तुम्हाला फार त्रास होतोय.

सर जिन्यावर बसून बूट सोडत होते. त्यांच्या बायकोला, नसीमचाचींना, जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी तिकडं सौदीत, दम्मामला. हे मला ठाऊक होतं. गल्लीत सगळ्यांनाच ठाऊक आहे, म्हणून कुणी त्यांना विचारत नाही.

“त्रास नाही, बेटा,” ते म्हणाले. “अण्णांना मी रोज नवा असतो. बसमध्ये बसलो की रोज विचारतात, घरी कोण कोण असतं तुमच्या?”

त्यांनी बुटाची नाडी नीट गुंडाळून आत ठेवली.

“मग करमाड येईपर्यंत मी त्यांना नसीमबद्दल सांगतो.”